मोरोपंतांचं इमान

अमरावती ते अकोला हे अंतर विमानाने किती, हा प्रश्न एकोणीसशे चौसष्ट सालापर्यंत अमरावतीत कुणालाही पडला नव्हता. अमरावतीकरांना भूगोलाची आवड नव्हती असं नाही. अमरावतीला विमानतळच नव्हता. पण मोरोपंत भूगोलाचे निवृत्त शिक्षक होते, आणि त्यांच्यावर वेळच तशी आली होती.

त्यांच्या उद्धवचं लग्न अकोल्याच्या रामराव वकिलांच्या सरोजिनीशी जवळजवळ जमलं होतं. यातला 'जवळजवळ' हा शब्द मोरोपंतांमुळे आला होता. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोनदा ठरलं. दोन्ही वेळा मुलीकडची मंडळी नटूनथटून बसली, गुरुजींनी कलश मांडला, आणि मोरोपंत पोचलेच नाहीत. पहिल्या वेळी घरातून पाऊल टाकताना शेजारचे नत्थुजी शिंकले. मोरोपंत शिंकेचा मान राखून ओट्यावर टेकले, तेवढ्यात गाडी गेली. दुसऱ्या वेळी शिंक नाही, मांजर नाही, सगळं निर्वेध होतं. पण बडनेऱ्याला गाडी बदलल्यावर ते पाणी प्यायला उतरले आणि परत चढले ते नागपूरच्या गाडीत. पोरांच्या हातावर छड्या मारून जन्मभर पूर्व-पश्चिम शिकवलेला माणूस अकोल्याऐवजी वर्ध्याला उतरला. उद्धव मात्र अकोल्याच्याच गाडीत होता. वडील कुठे आहेत हे त्याला मूर्तिजापूरला कळलं, म्हणजे कुठे नाहीत एवढंच कळलं.

आता कुणी म्हणेल, नवरा मुलगा पोचला ना, मग झालं. पण साक्षगंधात व्याह्याने व्याह्याला गंध लावायचं असतं, आणि त्यासाठी कपाळ जागेवर लागतं.

रामराव हे दिवाणी दावे चालवणारे वकील. तारखेला गैरहजर राहणाऱ्याचं काय करायचं हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी निरोप धाडला: मार्गशीर्षातला हा मुहूर्त शेवटचा. दुपारी बाराच्या आत मोरोपंत दारात दिसले नाहीत, तर नागपूरच्या स्थळाला होकार कळवणार.

 उद्धव जेवताना दुसरी पोळी घेईनासा झाला. आई लहानपणीच गेलेलं पोर. बापलेकांच्या घरात जे काही बोलायचं ते पोळ्यांच्या हिशेबातच बोललं जायचं. मोरोपंतांना त्या उरलेल्या पोळीकडे बघवेना. त्यांनी उलट निरोप दिला, "वकीलसाहेबांना म्हणावं, आता मेलो तरी वेळेवर पोचेन!"

हे वाक्य जरा जपून बोलायला हवं होतं.

---

विमानाची कल्पना शेजारच्या मोतीरामची. मोतीराम शेतकी कार्यालयात कारकून होता आणि सरकारी बातमी पेपरात यायच्या आधी ओट्यावर आणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या वर्षी कपाशीवर औषध फवारायला एक लहानसं विमान आलं होतं. गावाबाहेरच्या पडीत मैदानात चुन्याची फक्की टाकून दोन रेघा मारल्या होत्या आणि त्या रेघांच्या मधल्या जागेला लोक विमानतळ म्हणू लागले होते. फवारणी संपली होती आणि विमान आता अकोल्याला जायचं होतं. अकोल्याबाहेर लढाईच्या काळातली एक खरीखुरी धावपट्टी होती.

"मास्तर, त्यात दोन जागा हायेत," मोतीराम म्हणाला. "एक पायलटची. दुसरी रिकामीच जाऊन राहिली. साक्षगंधाच्याच दिवशी, सकाळी आठले."

"पण एकच जागा? मग उद्धव?"

"त्याले गाडीनं येऊ द्या ना. तो कुठं वर्ध्याले जाते?"

मोरोपंतांनी हा टोला गिळला आणि दोन्ही जिल्ह्यांचा नकाशा काढला. अमरावतीवर टाचणी, अकोल्यावर टाचणी, मध्ये दोरा. दोरा पट्टीवर मोजला. सरळ रेषेत पन्नास-एक्कावन्न मैल. मग उत्साहाने त्यांनी रेल्वेचं अंतर काढलं. ते भरलं पंचावन्न. म्हणजे आगगाडी घालणारे इंग्रज इतके सरळ निघाले होते, की विमानाला वाचवायला जेमतेम चार मैल उरले होते. पण वेग! ताशी नव्वद मैल वेगाने अर्ध्या-पाऊण तासात अकोला. आठला निघालं की पावणेनऊला व्याह्यांच्या दारात चहा. त्यांनी गणित तीनदा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा चहाच आला.

बातमी गल्लीत पसरली आणि सल्ल्यांना पूर आला.

"मास्तर, हवेत काही मैलाचे दगड नसते," नत्थुजी म्हणाले. "रस्ता चुकला तं इचारसान कोनाले? घारीले?"

पार्बताबाईंनी वर गारठा असतो म्हणून कानटोपी आणि दशम्या आणून दिल्या. शिवाय हळूच सांगितलं, "वर इतक्या जवळ जाऊनच राहिले तं देवाले माह्या गुडघ्याचं सांगजा."

आता अडचण एकच होती, परवानगी. मोतीरामच्या साहेबांनी नियम वाचून दाखवले. सदर विमानातून औषध, तेल आणि फवारणीचं सामान नेता येतं. माणूस नेण्याची तरतूद नाही.

"औषध म्हणून नाही का नेता येणार?" मोरोपंतांनी अजिजीने विचारलं.

"मास्तर, नियमात तुम्ही औषधालासुद्धा नाही," साहेब म्हणाले.

शेवटी मोतीरामनेच वाट काढली. औषधाची टाकी रिकामी असली की विमान हलकं होतं. तोल राहावा म्हणून मागच्या जागेवर वाळूचं पोतं ठेवतात. पोत्याचं वजन आणि मोरोपंतांचं वजन साधारण सारखंच. तेव्हा कागदावर लिहिलं गेलं: 'वाळूचे पोते, नग एक.' मॅट्रिकच्या मंडळावर परीक्षक म्हणून बसलेला माणूस पोतं झाला. त्यांना ते लागलं. पण त्यांनी उरलेली पोळी आठवली आणि पोतं व्हायला होकार दिला. एवढंच विचारलं, "निदान 'श्री' लावता येईल का?"

---

ठरल्या दिवशी उद्धव सकाळीच बडनेऱ्याला गेला. मोरोपंत काळा कोट, धोतर, कानटोपी, उपरणं आणि दशम्या अशा थाटात मैदानावर हजर झाले. सोबत अर्धी गल्ली होती. पायलट ओमप्रकाश हा पंजाबकडचा हसरा गडी. त्याने मोरोपंतांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ये बोरी कोट पहनती है?"

आठचे साडेनऊ झाले, कारण विमानाचा पंखा हाताने फिरवून सुरू करायचा होता आणि तो फिरवायची हौस गल्लीतल्या प्रत्येकाला होती. अखेर इंजिन धडधडलं. मोरोपंत नेमके तेव्हाच विमानाला वळसा घालून मागच्या बाजूने चढायला आले होते, आणि पंख्याच्या वाऱ्याने चुन्याच्या दोन्ही रेघा उठून त्यांच्या अंगावर आल्या. कोट पांढरा, टोपी पांढरी, मिशा पांढऱ्या. आकाशात न्यायच्या आधीच विमानाने त्यांना चुना लावला. झटकायला वेळ नव्हता. ओमप्रकाशने दंडाला धरून आत ओढलं, विमानाला एक हिसका बसला, आणि मोरोपंत वर गेले.

खाली नत्थुजी धावत पोस्टात गेले. विमान निघाल्याची वर्दी व्याह्यांना ट्रंककॉलने द्यायची, हे काम त्यांनी मोठ्या हौसेने मागून घेतलं होतं. पुढे काय झालं ते मोरोपंतांना फार उशिरा कळलं. तुम्हाला आताच सांगून टाकतो.

नत्थुजींच्या बोलीत विमानाला 'इमान' म्हणतात. विहिरीला इहीर, विठ्ठलाला इठ्ठल, तसं विमानाला इमान. आणि आमच्याकडे काही समाजांत पिकल्या पानाचा माणूस गेला, की त्याला साध्या तिरडीवर नेत नाहीत. बांबूचं मखर करतात, झेंडूच्या माळा लावतात, त्यात बसवून वाजतगाजत नेतात. त्यालाही इमानच म्हणतात. अकोल्याच्या खेड्यापाड्यांतून खरं उडणारं इमान किती जणांनी पाहिलं असेल? हे दुसरं मात्र दर महिन्याला दारावरून जायचं.

रामरावांकडे फोन नव्हता. शेजारी एका अडत्याची पेढी होती, तिथला दिवाणजी देवमन याने फोन घेतला. तारेत खरखर होती, म्हणून दोघेही ओरडत होते.

"हालो! वकीलसायबाले सांगा, मोरोपंताचं इमान निघालं!"

"काय निघालं?"

"इमान! इमान! अमरावतीच्या मोरोपंत मास्तराचं!"

"अरे देवा! कव्हा?"

"आत्ताच, साडेनवाले! म्या सोता डोयानं पाह्यलं!"

"लय तरास झाला काय हो त्याईले?"

"तरास कायचा? एक झटका बसला अन् गेले सीधे वर!"

"अन् पोरगा? पोरगा जवळ होता?"

"त्याले काय मालूम! तो गाडीत हाय!"

"मंग आता अमरावतीलेच...?"

"नाई नाई, अकोल्यालेच आणून राहिले! तुमी तयारी ठेवा!"

आणि फोन तुटला.

देवमनने डोळे पुसत रामरावांना वर्दी दिली.  मेलेला माणूस अमरावतीहून अकोल्याला का आणतात, ही शंका वकील म्हणून त्यांना यायला हवी होती. आलीही. पण तिचं उत्तर त्यांच्याकडे आधीच पोचलेलं होतं. 'मेलो तरी वेळेवर पोचेन.' कपाळावर हात मारून ते म्हणाले, "माझ्या हट्टापायी म्हाताऱ्याने हाय खाल्ली, आणि मरतानाही शब्द राखून राहिला!"

रांगोळी पुसली गेली. जिलबीचा घाणा उतरवला. देवमन झेंडू आणायला बाजारात पळाला.

---

इकडे मोरोपंत वाऱ्यात कानटोपी धरून बसले होते. खाली नकाशात असतं तसं काही दिसेना. नुसती काळी रानं आणि पांढरी कपाशी. त्यांनी ओरडून विचारलं, "नकाशा कुठे आहे तुमचा?"

"नक्शा किसलिये, पंडितजी? नीचे पटरी है ना!"

मोरोपंतांनी वाकून पाहिलं. विमान आगगाडीच्या रुळांवरून चाललं होतं. रूळ वळले की विमान वळत होतं. म्हणजे दोऱ्याने वाचवलेले ते चार मैलही गेले. समोरून वारा असा की कुरूमच्या अलीकडे खालच्या पॅसेंजरने त्यांना गाठलं. काही वेळ दोघे बरोबर चालले. मग गाडी सिग्नलला थांबली, आणि मोरोपंतांना प्रवासातलं एकमेव समाधान लाभलं.

अकोला दिसलं तेव्हा त्यांनी हात जोडले. पण धावपट्टीवर गावचं खिल्लार चरत होतं. ओमप्रकाशने विमान खाली आणलं की म्हशी माना वर करून बघत आणि पुन्हा चरत. विमान अकोल्याभोवती फिरू लागलं. मोरोपंतांना अकोल्याचं पाण्याचं टाकं, कोर्ट, बाजार, पुन्हा टाकं, पुन्हा कोर्ट दिसत राहिलं. व्याह्यांचं गाव त्यांनी एवढं जवळून आणि इतक्यांदा कधीच पाहिलं नव्हतं. शेवटी मोरोपंतांनी वरून उपरणं हलवलं, तेव्हा गुराख्याला दया आली आणि म्हशी हलल्या.

उतरल्यावर मोरोपंतांनी जमिनीला नमस्कार केला आणि दरवाजाकडे निघाले. तिथे चौकीदार उभा होता. त्याच्या हातात मोतीरामने पाठवलेल्या कागदाची नक्कल होती.

"पोतं कोठी हाय?"

"मीच पोतं," मोरोपंत म्हणाले. आयुष्यात आपण हे वाक्य बोलू असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

चौकीदाराने कागद पाहिला, मोरोपंतांना पाहिलं, पुन्हा कागद पाहिला. "मंग तुमाले बाहेर जाता येत नाई, बावा. पोतं इमानासंग जमा राह्यते. उद्या तेच पोतं घेऊन इमान पुढं जाते."

"अहो, मी माणूस आहे!"

"कागदावर नाई."

"माझ्या मुलाचं साक्षगंध आहे हो आज!"

"पोत्याले पोरगं?" चौकीदार खरोखरच चकित झाला.

ओमप्रकाश तेल तपासायच्या निमित्ताने विमानाखाली शिरून हसत होता. वादाचा निकाल असा लागला, की कागदावर एक पोतं आहे, ते जागेवर भरलं की मोरोपंत मोकळे. चौकीदार वाईट माणूस नव्हता. त्याने स्वतःचं रिकामं पोतं दिलं. वाळू मात्र रस्त्यावर पुलाचं काम चाललं होतं तिथे. मोरोपंतांनी उन्हात, कोट घालून, ओंजळीने आपल्या वजनाची वाळू भरली. अर्ध्यात त्यांना वाटलं पुरे झालं. पण चौकीदाराने पोतं उचलून पाहिलं, मग मोरोपंतांना काखेत धरून उचलून पाहिलं, आणि म्हणाला, "आजून लागते." घामाने अंगावरचा चुना आता पक्का बसला होता. गिलावा केलेल्या भिंतीसारखे मोरोपंत टांग्यात बसले तेव्हा तीन वाजत आले होते.

टांगेवाल्याने मागे वळून पाहिलं नाही. एकदा पाहिलं होतं, तेवढं त्याला पुरलं.

---

रामरावांच्या दारापुढे ही गर्दी. मोरोपंतांचं काळीज हललं. बारा केव्हाच टळले होते. तरी एवढी माणसं थांबली होती! मग त्यांना झेंडू दिसला, बांबू दिसले. मांडव घालताहेत की काय? नागपूरकरांना होकार दिला आणि लगेच मांडवही?  ओट्याच्या पायरीवर त्यांना उद्धव दिसला.

उद्धव दोन्ही हातांत तोंड लपवून, लहान पोरासारखा हमसून रडत होता. तो दुपारी गाडीने पोचला होता. 'मोरोपंत गेले' एवढंच त्याने ऐकलं आणि त्याला वाटलं, विमान पडलं; कसे गेले हे त्याला विचारवलं नाही. शेजारी रामराव त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतःही रडत होते. दाराच्या आड सरोजिनी उभी होती, तिचा पदर डोळ्यांना.

"मी आलो," मोरोपंत क्षीण आवाजात म्हणाले. "जरा उशीर झाला."

पांढराफटक माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज खोल गेलेला. बाया किंचाळल्या. देवमन हातातल्या झेंडूसकट आडवा झाला. इमानापुढे वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी बसल्या जागी चुकून एक सूर काढला. फक्त उद्धव उठला आणि धावत येऊन त्याने त्या चुन्याला मिठी मारली.

"बाबा! तुम्ही आहात?"

"आहे रे. असणार नाही तर काय? पोत्याची भरती करत होतो."

याचा अर्थ कुणालाच कळला नाही, पण असं बोलणारं भूत नसतं हे सगळ्यांना पटलं. रामरावांनी मोरोपंतांचे खांदे चाचपले, हात चाचपले, आणि कोर्टात कधी निघाला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "व्याही! जिवंत आहात हो!"

'व्याही' हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वापरला होता. मोरोपंतांच्या डोळ्यांना धार लागली, आणि गालांवर चुन्यातून दोन काळ्या रेघा उतरल्या.

मग देवमनला पाणी मारून उठवलं आणि फोनची सगळी उजळणी झाली. "त्यायनं इमान म्हनलं तं म्या इमानच समजलो ना!" देवमन रडवेला होऊन म्हणाला. "त्याईचं काय चुकलं अन् माहं काय चुकलं?" यावर रामरावांनी बराच विचार केला आणि दोघांनाही निर्दोष सोडलं.

प्रश्न गुरुजींनी काढला. ज्या माणसासाठी घर रडलं, त्याच्या कपाळाला गंध चालतं का? त्यांच्या मते अशा माणसाचं शास्त्राने पुन्हा बारसं करायला पाहिजे.

"गुरुजी, आमी निस्तं रडलो. अजून नेलं कुठं होतं?" आतून एक म्हातारी म्हणाली. गुरुजींनी ही तडजोड मान्य केली आणि एका आंघोळीवर प्रकरण मिटवलं. बाराचा मुहूर्त मोरोपंतांनी मारला होता. गुरुजींनी पंचांग चाळून गोरज मुहूर्त जिवंत केला. जिलबीचा घाणा पुन्हा चढला. झेंडू होताच, तो दाराला लागला. बँडवाल्यांना फक्त वाजवायचं गाणं बदलावं लागलं. आणि समाचाराला आलेली माणसं साक्षगंधाला थांबली, त्यामुळे वकिलांच्या दारी न भूतो अशी गर्दी झाली.

मोरोपंतांनी आंघोळीला तीन बादल्या घेतल्या. बाहेर आले तर सरोजिनी त्यांचा कोट अंगणात झटकत होती. "मामंजी," ती खाली मान घालून म्हणाली, "कोटाच्या खिशात दशमी आहे. तिलाही चुना लागलाय." मोरोपंतांना त्या क्षणी जे हायसं वाटलं, ते जमिनीवर उतरतानाही वाटलं नव्हतं.

गंध लागलं. पानं वाढली. उद्धव दुसरी पोळी मागून घेत होता, आणि मोरोपंत ती त्याच्या पानात पडेपर्यंत बघत राहिले.

"बरं, विमानाने एकंदर किती वेळ लागला?" रामरावांनी जिलबी वाढता वाढता विचारलं.

"कागदावर पाऊण तास," मोरोपंत म्हणाले. "प्रत्यक्षात साडेपाच."

रामरावांनी जिलबीचं ताट खाली ठेवलं. वकील एखादा मुद्दा शेवटचा म्हणून मांडतो तसा त्यांचा चेहरा झाला. "व्याही, एक अट. लग्न मुलीच्या दारी होतं, ही रीत मला माहीत आहे. पण हे लग्न अमरावतीला होईल. तुमच्या ओट्यापुढे. आम्ही सगळे तिकडे येऊ. मांडव आम्ही घालू, आचारी आम्ही आणू. तुम्ही फक्त घरून हलायचं नाही. गाडीने नाही, विमानाने नाही, पायीसुद्धा नाही. मंजूर?"

मुलीकडच्यांनी वरपक्षाला अट घालायची म्हणजे वरपक्षाच्या मानाला धक्का. गल्लीत काय म्हणतील, नत्थुजी काय म्हणतील, हे सगळं मोरोपंतांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी चेहरा शक्य तितका गंभीर केला, पाटाबाहेर दोन्ही पावलं जमिनीला घट्ट टेकवून पाहिली, आणि म्हणाले,

"मंजूर."